थावराचा कप

हळदीच्या हंगामात आमच्या अडतीवर जो येतो तो आधी भाव विचारतो. नेमसिंग राठोड तसे नव्हते. ते दारातच थांबायचे, नाक थोडे वर करायचे आणि म्हणायचे, "मुनीमजी, आज डब्यात मेथी हाय. पन वहिनीचा लसूण जळला."

डबा माझ्या टेबलाच्या खणात, झाकण लावून ठेवलेला असायचा. दुपारी उघडला की लसूण खरोखर काळा झालेला दिसायचा.

मी हिंगोलीत एका अडतीवर हिशेब पाहतो. बी.कॉम. होऊन लागलो तो आता निवृत्तीला आलो. टेबलासमोरून पुष्कळ माणसे गेली, पण खाण्यापिण्याबद्दल इतकी ठाम मते असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. नेमसिंग यांचा तांडा डोंगरकडा गावाच्या पुढे माळावर आहे. शेती थोडी, त्यातली निम्मी मुरमाड. अंगाने उंच आणि काटक, मिशा पिकलेल्या. हळदीचे पोते उतरवून झाले की ते माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसायचे आणि कुणी न विचारता सुरू व्हायचे.

"लग्नात आजकाल ताट हातात घेऊन उभ्यानं खातेत. बैल बी बसून रवंथ करतो, मुनीमजी."

"औंढ्याचा पेढा देवळातून भाईर आल्यावर खावा. आधी खाल्ला तर नुस्ता खवा लागतो."

"हायब्रीड ज्वारीची भाकर म्हंजे सरकारी पत्र. येवढं मोठं, आन् आत काहीच न्हाई."

माझ्या चहावर तर त्यांचा विशेष राग होता. अडतीवरचा पोऱ्या चहा आणून ठेवायचा, तेव्हा ते तोंड फिरवायचे. "तुमी चहा पिता म्हंजे काय करता? साखरंच्या गरम पान्याला रंग देता."

"आणि तुमच्या कॉफीत काय असतं?" मी विचारायचो.

"इचार असतो. चहा पिऊन मानूस कामाला पळतो. कॉफी पिऊन बसून ऱ्हातो. बसाया बी यावं लागतं मानसाला."

मिठाचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज बदलायचा. "आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी बैलावर मीठ वाहिलं. अख्ख्या मुलखाला चव आमी वाटली. तवा मिठाबद्दल मला कुणी शिकवू नये."

हिंगोली जिल्ह्यातल्या माळावरच्या तांड्यात कॉफी कशी पोहोचली, हे मला बरेच दिवस कळले नव्हते. विचारले तर ते विषय बदलायचे. एका वर्षी हळदीचे लिलाव लांबले, बसून राहावे लागले, तेव्हा त्यांनी सांगितले.

त्यांचा धाकटा भाऊ थावरा. मिसरूड फुटले न फुटले तोच ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला. ऊस संपल्यावर एका मुकादमाने काही जणांना आणखी खाली, डोंगरात, कॉफीच्या मळ्यात कामाला नेले. पहिल्या वर्षी थावरा परत आला तो कॉफीच्या बियांचे गाठोडे घेऊन. आईच्या तव्यावर त्याने बिया भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या, गूळ घालून उकळल्या आणि सगळ्या घराला पाजल्या. नेमसिंग यांनी पहिला घोट थुंकून टाकला. थावरा हसून म्हणाला, "भिया, पुढच्या साली आलो का तूच मागशील."

पुढच्या वर्षी तो गेला आणि आला नाही. टोळीतले म्हणाले, एक दिवस सकाळी तो त्याच्या जागेवर नव्हता. मुकादम म्हणाला, दुसऱ्या मळ्यात गेला असेल. नेमसिंग शोधायला गेले. भाषा येत नव्हती. मळ्यामागून मळा, दारामागून दार. प्रत्येक दारात लोक आधी मान हलवायचे आणि मग बसवून कॉफी द्यायचे.

"भाऊ सापडला न्हाई," ते मला म्हणाले. "कॉफी तेवढी कळली. एका दारात कडू, एका दारात जळकी, एका दारात अशी का डोळ्यात पानी यावं. पीत गेलो आन् इचारत गेलो."

तेव्हापासून रोज दुपारी त्यांच्या ओट्यावर कॉफी होते. बियांचे पार्सल अजूनही तिकडून येते. आणि रोज एक कप जास्त भरला जातो. तो थावराचा. गार होईपर्यंत तो तसाच राहतो, मग नेमसिंगच तो पितात. "गार कॉफी पिऊ ने," ते म्हणायचे, "पन त्याची हाय म्हून पितो."

आता पुढचे समजण्यासाठी त्यांच्यातली एक रीत सांगायला हवी. दिवाळीत तांड्यावर घरोघर धबुकार देतात. घरातला कर्ता पुरुष आंघोळ करून चुलीपुढे बसतो, निखाऱ्यावर लापशी आणि तूप घालतो आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक नाव घेतो. ज्याचे नाव घेतले त्याला ते अन्न पोहोचते. लापशी गोडच असते. मेलेल्या माणसाला मीठ वाढत नाहीत.

थावराचे नाव त्या यादीत घ्यायचे की नाही, यावर त्या घरात वर्षानुवर्षे ताण होता. नेमसिंग यांची आई, जिवनबाई, ठाम होत्या. तो मेला हे कुणी पाहिलेले नाही, तेव्हा जित्या माणसाचे नाव आगीत जाणार नाही. नेमसिंग आईचे ऐकत आले. पण गेल्या दिवाळीआधी शेजारच्या तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितले, ज्याचे नाव घेतले जात नाही तो बाकीच्या पितरांच्या मागे उभा राहतो आणि त्यांना जेवताना बघत राहतो. उपाशी. आयुष्यभर खाण्याचाच विचार केलेल्या माणसाला ते सहन झाले नाही. आपण चवीने खातो, आणि भाऊ तिकडे उभा.

दिवाळीत धबुकार देताना वडिलांचे, आजोबांचे, चुलत्यांचे नाव झाले. मग नेमसिंग यांनी "थावरा" म्हटले. लापशी घातली आणि वाटीतली थोडी कॉफी निखाऱ्यावर ओतली.

"चर्र आवाज आला," ते नंतर मला म्हणाले. "धूर बी निघाला. पन वास आला न्हाई, मुनीमजी. निखाऱ्यावर कॉफी पडली आन् वासच न्हाई."

जिवनबाईंना आता नीट दिसत नाही, पण ऐकू चांगले येते. त्या दाराशी बसल्या होत्या. उठून भिंत धरत धरत त्या बाहेर निघून गेल्या आणि त्या दिवसापासून पोराशी बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर नेमसिंग अडतीवर आले ते दारात थांबले नाहीत. नाक वर केले नाही. सरळ येऊन म्हणाले, "भाव काय निघाला?"

मी चमकलो. गंमत म्हणून खणातला डबा काढला. बायकोने त्या दिवशी लोणचे दिले होते, मिरचीचे, इतके तिखट की मी त्यातली अर्धी फोड खातो. मी डबा पुढे केला. त्यांनी अख्खी मिरची उचलून तोंडात टाकली आणि सावकाश चावली. डोळ्यांत पाणी नाही, हाश-हुश नाही, काही नाही.

"काय खाल्लं आत्ता?" मी विचारले.

ते विचारात पडले. "काय की. मऊ व्हतं."

मी त्यांना एका डॉक्टरकडे पाठवले. तपासण्या झाल्या, जिभेला काही नाही, नाकाला काही नाही. गोळ्या दिल्या. त्या गोळ्या ते चघळत होते, कडू लागतात का म्हणून. माझ्यासमोर बसून चघळल्या. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. माणूस तोच, मिशा त्याच, पण आत कुणी दिवा मालवून गेल्यासारखे.

"म्या जित्याला जेवू घातलं मेल्यासारखं," ते म्हणाले. "मग ते अन्न गेलं कुठं? मेलेल्यात त्यो नसंल, तर कुणी घेतलं न्हाई ते. दारातच उभं हाय. आन् आता माझ्या ताटातलं खाऊन राहिलं."

मी म्हणालो, असे काही नसते. ताप-बीप आला असेल अंगात.

हळद काढायच्या दिवसांत मागच्या सालची राहिलेली पोती घेऊन त्यांची बायको संगिता एकटीच आली. टेम्पोतून उतरून तिने माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकले. "मुनीमजी, ते जेवंनात. भूक लागल्याची बी कळत न्हाई त्यांना. वाढलं तर खातेत, न्हाई वाढलं तर दिवसभर तसेच. शर्ट बघा न कसा लोंबून राहिला अंगावर. तुमी या. तुमची मस्करी करायला तरी तोंड उघडतील."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी गेलो. भर दुपार होती. तांड्यातली माणसे हळदीच्या कामाला रानात गेलेली, कुत्री सावलीला पडलेली. आवाज म्हणून काही नव्हता. नेमसिंग यांचे घर तांड्याच्या टोकाला. पुढे ओटा, त्यावर जिवनबाईंची बाज. ओट्याच्या कडेला पत्र्याखाली संगिता गॅसवर स्वयंपाक करते. मागच्या खोलीत जुनी चूल आहे, ती फक्त सणाला पेटते. मी ओट्यावर बसलो तेव्हा त्या खोलीचे दार माझ्या पाठीमागे होते, उघडे.

नेमसिंग बाहेर आले. गालांची हाडे वर आली होती.

"या. कॉफी करतो," ते म्हणाले.

तव्यावर बिया भाजत होते. पूर्वी म्हणायचे, बिया नाकानं भाजाव्या लागतात, डोळ्यानं भाजणारा गाढव. आता ते तव्याकडे बघत आणि सारखे बायकोला विचारत, "आला का वास? आता? आता आला का?"

"आला," संगिता म्हणाली. "काढा."

धबुकारात नाव घेतल्यापासून थावराचा कप बंद होता, पण जिवनबाईंनी जेवण सोडण्याची धमकी संगितामार्फत दिली, म्हणून पुन्हा सुरू झाला होता. ओट्यावर स्टीलचे कप मांडले गेले, सगळे सारखे. एक नेमसिंग यांचा, एक माझा, एक थावराचा बाजेजवळ. नेमसिंग गुळाचा डबा ठेवायला वळले, तेव्हा जिवनबाईंनी चाचपडत एक कप उचलला आणि माझ्या हातात दिला. मी घेतला. म्हातारीच्या हातून आलेला कप कोण नाकारणार?

पहिला घोट घेतला आणि मी थांबलो.

"नेमसिंगभाऊ," मी म्हणालो, "तुमच्याकडे कॉफीत मीठ घालतात का?"

त्यांनी माझ्या हातातला कप पाहिला. मग बाजेजवळची रिकामी जागा पाहिली. माझा कप अजून त्यांच्या पायाशीच होता.

"तो तुमचा न्हाई," ते हळू म्हणाले. "तो त्याचा हाय."

त्यांनी कप घेऊन घोट घेतला. जिभेवर फिरवला. त्यांना काहीच लागले नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. त्यांनी कप बायकोकडे दिला. संगिताने घोट घेतला आणि ओट्याखाली थुंकला. "खारट! नुस्ती खारट हाय!"

"तू टाकलं?"

"मी कशाला टाकू? येडी हाय का मी?"

नेमसिंग यांनी कप परत घेऊन खाली ठेवला. तेव्हा जिवनबाई पोराशी बोलल्या, दिवाळीनंतर पहिल्यांदा. मायलेक आपसात त्यांच्या बोलीत बोलतात, आईला याडी म्हणतात. मला समजले ते माझ्या मराठीत लिहितो.

"मेलेला मीठ खात नाही," त्या म्हणाल्या. "मीठ जित्याला लागतं. मी सांगत नव्हते?"

"याडी, मग मी काय केलं?"

"जित्या भावाला आगीत घातलंस."

"आता कसं काढू त्याला?"

अशी वेळ कुणावर आलीच नसेल, तर तिची रीत तरी कुठून असणार? मग जिवनबाई म्हणाल्या, "ज्या तोंडानं मेल्यात नाव घेतलंस, त्याच तोंडानं जित्यासारखी हाक मार. रानातून जेवायला बोलावतात तशी. अन्न वाढ आणि हाक मार."

संगिताने ताट वाढले. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, तुरीच्या दाण्यांची आमटी, कडेला मिठाची चिमूट. ते ताट तिने ओट्यावर ठेवले आणि आमच्याजवळ येऊन उभी राहिली. आम्ही चौघेही ओट्यावर होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

नेमसिंग ओट्याच्या कडेला गेले. तोंडाशी हात धरले. मग हाक मारली.

"थावरा! जेवाया ये!"

समोरचे रान उन्हात पांढरे पडले होते. कापलेल्या तुरीचे खुंट तेवढे उभे. दूर कुठे टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

"थावरा! ताट वाढलंय! ये!"

"ओ."

अगदी स्पष्ट. कामात असलेला माणूस देतो तशी, जराशी कंटाळून. येतो, ओरडू नका, अशी.

नेमसिंग ओट्यावरून उडी मारून खाली गेले. बांधापर्यंत धावले. हात डोळ्यांवर धरून इकडे तिकडे पाहत राहिले. कुणी नव्हते. पण परत आले तेव्हा ते हसत होते आणि रडतही होते. "ऐकलं न तुमी? रानातून आली! त्या बाभळीच्या अंगानं! हाय, हाय त्यो कुठंतरी. मुनीमजी, ऐकलं न?"

"ऐकलं," मी म्हणालो.

ते थावराच्या ताटापाशीच मांडी घालून बसले. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला. चावता चावता थांबले. संगिता श्वास धरून उभी होती.

"संगिते," ते म्हणाले, "ठेच्यात मीठ किती घातलंस? मारतीस काय?"

संगिताने पदर तोंडाला लावला आणि पत्र्याखाली जाऊन बसली. तिच्या खांद्यांवरून कळत होते. नेमसिंग मात्र सुटले होते. भाकर कडेनं कच्ची राहिली. आमटीला फोडणी उशिरा दिली. मिरची लवंगी न्हाई, कुठली घेतली? शिव्या देत देत, नाक पुसत पुसत ते जेवत होते. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून मला बरे वाटायला हवे होते.

पण माझ्या मानेवरचे केस अजून खाली बसले नव्हते. कारण ती ओ मी बाभळीच्या अंगाने ऐकली नव्हती. ती माझ्या पाठीमागून आली होती. मागच्या खोलीतून, जिथे सणाची चूल आहे. इतक्या जवळून की मी मान वळवली असती तर कदाचित कुणी दिसले असते. मी वळवली नाही.

मी जिवनबाईंकडे पाहिले. त्यांना नीट दिसत नाही, पण त्यांचा चेहरा रानाकडे नव्हता. तो मागच्या दाराकडे होता. नेमसिंग जेवण्यात गुंतलेले ऐकून त्यांनी हाताने मला जवळ बोलावले. मी बाजेच्या कडेला वाकलो.

"तुमी बी तिकूनच ऐकलं न?" त्या मराठीत कुजबुजल्या.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पदराचे टोक पुढे केले. त्याला गाठ होती. त्यांनी ती सोडून दाखवली. आत मीठ होते.

"मीठ म्याच टाकत व्हते. रोज. वाटलं, ह्यो पिईल, त्याला कळंल, मंग त्याचं नाव मागं घेईल. पन ह्याला जीभच न्हाई, तर कळंल कसं? म्हून आज तुमच्या हातात दिला." त्यांचा श्वास लागला. पुन्हा गाठ मारायला बोटे जमत नव्हती. "मीठ माझं व्हतं, मुनीमजी. पन ओ म्या न्हाई दिली."

"सांगायचं का त्यांना?" मी विचारले.

"कशाला? म्याच म्हनत व्हते जिता हाय." त्यांनी मीठ झटकून टाकले आणि पदर सोडून दिला. "जेवू द्या त्याला."

मी माझ्या जागेवर जाऊन बसलो, पण या वेळी तोंड घराकडे करून. मागच्या खोलीत चूल दिसत होती. थंड, सारवलेली. दिवाळीनंतर तिच्यात काही पेटले नव्हते.

नेमसिंग यांनी आमटीची वाटी उचलली, तोंडाशी नेली आणि मध्येच खाली केली. नाक वर केले, अगदी पूर्वी अडतीच्या दारात करायचे तसे.

"याडी," ते म्हणाले, "मागच्या चुलीवर कॉफी कुणी सांडली? चांगला वास येऊन राहिला."

संगिताने वळून पाहिले. आमचे कप तर केव्हाचे गार झाले होते.

"कुणी न्हाई," जिवनबाई म्हणाल्या. "जेव तू."